टनाटन प्रेस, पण चौकट बघून!

'घरी प्रेस घेतोय' असं नुसतं जाहीर करून बघा. आई म्हणेल, अरे, इस्त्री आहे की घरात! बाबांना वाटेल, पोरगं चांगली नोकरी सोडून छापखाना काढतंय. आणि ऑफिसातली मैत्रीण कौतुकाने विचारेल, 'बेंचप्रेस का? जिम लावलीस वाटतं?'

मंडळी, आज आपण ज्या प्रेसबद्दल बोलणार आहोत तो यातला एकही नाही. सोमवार ते शुक्रवार कीबोर्ड बडवायचा आणि शनिवार-रविवार जुन्या आरएक्स हंड्रेडच्या, येझदीच्या नाहीतर मारुती आठशेच्या खाली डोकं घालून बसायचं, अशी जी एक जमात आपल्या शहरांत आहे ना, तिच्या विश-लिस्टवरची ही वस्तू. पूर्ण नाव हायड्रॉलिक शॉप प्रेस. पाने झाले, गोटी पान्यांचा सेट झाला, ड्रिल झालं, की पुढचा नंबर याचाच लागतो. आणि इथेच बरेच जण गंडतात. कारण दुकानात प्रश्न एकच विचारला जातो, 'किती टनाचा?' खरा प्रश्न मात्र वेगळाच असतो. तो कोणता, ते बघू.

गॅरेजमधला सोऱ्या

चकलीचा सोऱ्या आठवा. वरून दांडा फिरवायचा, दट्ट्या सरळ खाली येतो, आणि पीठ सगळीकडून सारखं दाबलं जातं. तेच काम हातोड्याने करायला गेलात तर चकली नाही, चटणी होईल! शॉप प्रेस म्हणजे गॅरेजमधला सोऱ्याच. दांड्याच्या जागी तेल भरलेला बॉटल जॅक, भांड्याच्या जागी लोखंडी चौकट, आणि पिठाच्या जागी तुमच्या गाडीचं जाम झालेलं बेअरिंग.

बेअरिंग, बुश, गिअर असे बरेच भाग गाडीत 'प्रेसफिट' असतात. म्हणजे भोकापेक्षा आत बसणारा भाग केसभर मोठा असतो आणि तो दाबूनच बसवायचा असतो. स्विंग आर्मचे बुश, कारच्या लोअर आर्मचे रबरी बुश, हबमधलं बेअरिंग ही त्यातली नेहमीची मंडळी. हातोडा मारला की भाग तिरका जातो, भोक ओरबाडलं जातं, आणि नवंकोरं बेअरिंग आठवड्याभरात गुरगुरायला लागतं. प्रेस तेच काम शांतपणे करतो.

यामागचा फंडा शाळेत शिकलेल्या पास्कलचा. बंद द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. हे तत्त्व वापरून जोसेफ ब्रामाने इंग्लंडमध्ये 1795 साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. हिशेब अगदी सोपा आहे. समजा जॅकच्या पंपाचा दट्ट्या 10 मिलिमीटर व्यासाचा आणि वर सरकणारा मुख्य दट्ट्या 40 मिलिमीटरचा. व्यास चौपट, म्हणजे क्षेत्रफळ सोळापट. त्यात दांड्याच्या तरफेमुळे वीसपट जोर मिळाला, तर एकूण 320 पट. तुम्ही दांड्यावर 30 किलोचा जोर दिलात की पलीकडे 9,600 किलो! जवळजवळ दहा टन, तेही रविवारची मिसळ पचवता पचवता.

अर्थात फुकट काहीच मिळत नाही. पंपाचा दट्ट्या एका खेपेत 20 मिलिमीटर खाली गेला तर मुख्य दट्ट्या फक्त सव्वा मिलिमीटर सरकतो. आणि त्या वेळी तेलाचा दाब कारच्या टायरमधल्या हवेच्या तीनशेपटीहून जास्त असतो. हा आकडा जरा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

पण बॉस, खरंच हवाय का?

खिशाला हात घालण्याआधी वहीवर हात घाला. समजा प्रेस पंधरा हजारांना पडला आणि तुमच्या भागातला लेथवाला एक बेअरिंग काढून बसवायचे दोनशे घेतो. म्हणजे पंचाहत्तर कामं झाल्यावर पैसे वसूल. तुमची एकच बाइक असेल तर पंचाहत्तर कामं व्हायला तुमची पोरं कॉलेजात जातील! हाच हिशेब तुमच्या गल्लीतल्या दराने करून बघा. दोन-तीन जुन्या गाड्या असतील, मित्रांच्याही गाड्या तुमच्याकडे येत असतील, किंवा दर वेळी हब हातात घेऊन रिक्षाने लेथवाल्याकडे जायचा कंटाळा आला असेल, तर गोष्ट वेगळी.

शिवाय अनेक कामं प्रेसशिवायही होतात. बाइकच्या चाकाचं बेअरिंग घ्या. हब अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि गरम केल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. 40 मिलिमीटरचं भोक 80 अंशांनी तापवलं तर साधारण 0.07 मिलिमीटरने मोठं होतं. ऐकायला कमी वाटतं, पण अशी फिटिंग असते तीच मुळी मिलिमीटरच्या काही शतांश भागांची! म्हणजे हब हॉट-एअर गनने तापवायचा, नवं बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचं (पिशवीत नीट बांधून, नाहीतर आईसमोर उत्तर द्यावं लागेल), आणि मग बऱ्याचदा ते हाताने किंवा हलक्या ठोक्याने आत बसतं.

दुसरा उपाय, लांब आटे पाडलेला रॉड, दोन नट आणि जाड वॉशर. रॉड भोकातून आरपार घालायचा आणि नट आवळत जायचं. गाडीवरून न काढता बुश बसवायला ही युक्ती प्रेसपेक्षाही सोयीची. तिसरा उपाय, मजबूत बेंच व्हाइस आणि योग्य मापाच्या दोन गोट्या.

आणखी एक गंमत. तुमचं चाक प्रेसमध्ये मावणार आहे का? बाइकचं टायरसकट चाक साधारण 60 सेंटिमीटर किंवा त्याहून मोठं असतं, आणि छोट्या प्रेसच्या दोन खांबांमधलं अंतर त्याहून कमी. टायर काढलेलं 17 इंची अलॉय व्हील रिमच्या कडेपर्यंत धरलं तर 46 सेंटिमीटरच्या आसपास जातं. म्हणजे प्रेस घ्यायचा चाकासाठी, आणि चाकच आत जाणार नाही, असा विनोद होऊ शकतो.

कारवाल्यांनीही जरा थांबा. अनेक नव्या गाड्यांत हब आणि बेअरिंग एकत्रच येतं आणि चार बोल्ट काढून बदलता येतं. लोअर आर्मही बऱ्याचदा बुश बसवलेलाच मिळतो. तुमच्या गाडीत काय आहे ते आधी बघून घ्या. एवढं करूनही 'मला हवाच' असं वाटत असेल, तर चला पुढे.

गॅरेज म्हणजे नक्की कुठे?

विदेशी मासिकांत गॅरेज म्हणजे शटर, भिंतीवर टांगलेले पाने, कोपऱ्यात फ्रीज. आपल्याकडे गॅरेज म्हणजे स्टिल्टखालचं पार्किंग, दोन पिवळे पट्टे आणि त्यावर फ्लॅट नंबर! 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका सोसायटीच्या प्रकरणात स्पष्ट केलं होतं, की महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्यानुसार स्टिल्ट पार्किंग म्हणजे 'गॅरेज' नव्हे, ती सोसायटीची सामायिक जागा. तेव्हा तिथे जमिनीत बोल्ट ठोकून प्रेस उभा करायचा विचार असेल, तर सेक्रेटरी काका जिना उतरून येतीलच.

रो-हाउस किंवा बंगला असेल तर उत्तम. तसा मित्र असेल तर त्याहून उत्तम! चौघांनी मिळून एक चांगला प्रेस घ्यायचा आणि ज्याच्याकडे पक्कं छप्पर आहे त्याच्याकडे ठेवायचा, ही कल्पना वाईट नाही. चौघांच्या पैशांत चौकट दणकट येते आणि वर्षातून चार वेळा लागणारी वस्तू चार घरांत धूळ खात नाही. फ्लॅटवाल्यांसाठी टेबलावर ठेवायचा छोटा प्रेसही मिळतो. पण टेबल म्हणजे कॉम्प्युटर टेबल नव्हे. लाकडी ठोकळ्यासारखं जड, न डुगडुगणारं काहीतरी हवं. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट बघा, खालची फरशी सपाट आहे ना? तिरका उभा राहिलेला प्रेस तिरकाच दाबतो.

किती टनाचा?

आला तो प्रश्न! बाजारात घरगुती कामाचे प्रेस साधारण 6 टन, 10-12 टन आणि 20 टन अशा मापांत दिसतात. दुकानदार म्हणेल, 'साहेब, वीसच घ्या, टेन्शनच नाही.' त्याचं काय जातंय?

ढोबळ हिशेब असा. फक्त बाइकचे बुश आणि बेअरिंग असतील तर 6 टन बहुतेक वेळा पुरतात. छोट्या कारचे बुश आणि हबही करायचे असतील तर 10-12 टन. पावसाळ्यात भिजून, गंजून जाम झालेले कारचे हब नेहमी करणार असाल, तर 20 टन. खारी हवा खाल्लेल्या मुंबई-कोकणातल्या गाड्यांना जास्त जोर लागतो, हे ओघाने आलंच.

पण आता नीट ऐका, कारण आजच्या कॉलमचं सार या एका ओळीत आहे. *टनाचा आकडा जॅकचा असतो, भरवसा चौकटीचा असतो.* स्टिकरवर '20 टन' लिहिलंय म्हणजे आत बसवलेला जॅक 20 टनांचा आहे. भोवतालचं लोखंड तेवढा भार सोसेल का, हे स्टिकर सांगत नाही. जॅक बिघडला तर दुसरा आणता येतो, कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो. चौकट वाकली तर सगळा प्रेस भंगारात. आणि चौकट ऐन दाबाखाली असताना तुटली तर प्रकरण भंगारावर थांबत नाही. म्हणून बजेट कमी असेल तर जॅकवर वाचवा, चौकटीवर कधीच नाही. बारीक चौकटीतल्या 20 टनांपेक्षा दणकट चौकटीतले 10 टन कितीतरी भले.

थोडं गणित, घाबरू नका

चौकटीत सगळ्यात जास्त ताण येतो तो आडव्या तुळयांवर. खालची तुळई, जिच्यावर काम ठेवतो ती, आणि वरची, जिला जॅक रेटा देतो ती. दोन्ही टोकांना टेकलेल्या आणि मधोमध दाबलेल्या तुळईवरचा वाकवणारा जोर दोन खांबांमधल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. अंतर दुप्पट केलं तर हा जोर दुप्पट, आणि तुळईचं लवणं तब्बल आठपट!

उदाहरण घेऊ. खांबांमधलं अंतर 50 सेंटिमीटर, भार 10 टन. खालच्या तुळईला समोरासमोर लावलेले 100 मिलिमीटरचे दोन चॅनेल असतील (बाजारात मिळतात ते 100 बाय 50 चे), तर त्यांच्यावर येणारा ताण साध्या पोलादाच्या सहनशक्तीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास जातो. चालेल, पण फार मोकळीक नाही. त्याऐवजी 125 मिलिमीटरचे दोन चॅनेल वापरले, तर तोच ताण एक-तृतीयांशाच्या थोडाच वर राहतो. उंची फक्त 25 मिलिमीटरने वाढली, आणि भरवसा जवळजवळ दुप्पट झाला!

म्हणजे दुकानात काय करायचं? टेप घेऊन जायची. खांबांमधली मोकळी जागा मोजा, चॅनेलची उंची मोजा, पत्र्याची जाडी बघा. 20 टनांचा दावा आणि तुळई मात्र 100 मिलिमीटरच्या चॅनेलची असेल, तर वरच्याच गणितात भार दुप्पट करून बघा. ताण सहनशक्तीच्या पलीकडे गेलेला दिसेल. नमस्कार करून निघा.

चौकटीचे दोन आकार दिसतील, इंग्रजी 'ए'सारखा आणि 'एच'सारखा. ए-चौकट छोटी आणि स्वस्त, पण तिची खालची जागा बहुधा एकाच उंचीवर पक्की असते. एच-चौकटीत खालची तुळई पिना काढून वर-खाली करता येते. लांब आर्म, बुटका हब, सगळं त्यात बसवता येतं. परवडत असेल तर एच-चौकटच.

नटबोल्टने जोडलेली चौकट असेल तर बोल्टच्या डोक्यावर 8.8 असा आकडा कोरलेला आहे का बघा. ती चांगल्या ताकदीच्या बोल्टची खूण. वेल्डिंग असेल तर ते एकसारखं आणि भरीव हवं. मधेच तुटलेलं, फुगे आलेलं किंवा रंगाच्या जाड थराखाली दडवलेलं नको.

जॅकची गोम

स्वस्त प्रेसमध्ये जॅक उलटा टांगलेला असेल असं वाटतं, कारण दाबायचं खाली असतं. नीट बघा, जॅक सुलटाच असतो! साध्या बॉटल जॅकमध्ये तेल तळाशी साठतं आणि पंप तिथूनच ते ओढतो. जॅक उलटा केला की पंपाला तेलाऐवजी हवा मिळते आणि सगळा खेळ खलास. म्हणून जॅक एका सरकत्या पाटावर सुलटा उभा करतात. त्याचा दट्ट्या वरच्या तुळईला रेटा देतो, त्यामुळे पाट खाली जातो आणि काम दाबलं जातं. बाजूच्या दोन स्प्रिंगा पाटाला परत वर खेचतात. या रचनेत जुना जॅक काढून नवा ठेवणं दहा मिनिटांचं काम. फक्त पाटावर मोठ्या जॅकला जागा आहे का, तेवढं बघून ठेवा.

दुकानातच एक चाचणी करा. लोखंडाचा जाड ठोकळा ठेवून जॅक आवळा, आणि पाच मिनिटं गप्पा मारा. दट्ट्या आपोआप मागे सरकतोय का? सीलभोवती तेलाचा थेंब दिसतोय का? मग हळूच व्हॉल्व सोडा. स्प्रिंगा पाटाला सरळ वर नेतायत, की एका बाजूने अडकतायत? पाट हाताने हलवून बघा. थोडी ढिलाई चालेल, पण खडखड वाजत असेल तर तो काम तिरकं दाबणार.

नवा जॅक सुरुवातीला मऊ लागला तर घाबरू नका, बहुतेक वेळा आत हवा अडकलेली असते. व्हॉल्व उघडा ठेवून पंधरा-वीस वेळा पंप मारा, मग बंद करून बघा. तेल कमी असेल तर जॅकचं हायड्रॉलिक ऑइलच भरा. 'हेही तेलच की' म्हणून ब्रेक ऑइल ओतलंत तर आतल्या सीलची वाट लागेल.

प्रेशर गेज असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. काटा भराभर चढतोय आणि भाग तसूभर हलत नाहीये, म्हणजे कुठेतरी काहीतरी अडकलंय. एखादी लॉक-रिंग काढायची राहिलीय का, हे थांबून तपासायचा इशारा तो काटा देतो.

फुकट मिळालेल्या वस्तूंपासून सावधान

प्रेसबरोबर खाली ठेवायला दोन जाड प्लेटा मिळतात. स्वस्त मॉडेलमध्ये त्या बऱ्याचदा बिडाच्या, म्हणजे कास्ट आयर्नच्या असतात. बीड वाकत नाही, सूचनाही देत नाही, सरळ तडकतं. अशा प्लेटा बाजूला ठेवा आणि फॅब्रिकेटरकडून 25 मिलिमीटर जाडीच्या साध्या एमएस प्लेटचे दोन तुकडे कापून घ्या. एमएस म्हणजे माइल्ड स्टील. ते फार ताण आला तर आधी वाकतं, म्हणजे तुम्हाला थांबायला वेळ देतं.

खालच्या तुळईच्या पिना बघा. त्या जाड आणि सरळ हव्यात आणि पूर्ण आरपार जायला हव्यात. पिनांऐवजी घरातला एखादा बोल्ट घालायचा जुगाड इथे अजिबात नको. सगळा भार त्या पिनांवरच असतो.

रेडीमेड की बनवून?

आपल्याकडची मजा ही, की दोन्ही पर्याय मोकळे आहेत. पुण्यात हार्डवेअरसाठी बोहरी आळी, टू-व्हीलरच्या पार्ट्ससाठी नाना पेठ. मुंबईत हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट. एक चक्कर मारलीत तर वस्तू हाताळून बघता येतील. ऑनलाइन फोटोत चॅनेलची जाडी दिसत नाही, आणि एवढं धूड परत पाठवायचं म्हणजे डोक्याला ताप.

दुसरा पर्याय, चांगला बॉटल जॅक विकत घ्यायचा आणि चौकट फॅब्रिकेटरकडून बनवून घ्यायची. भोसरी-पिंपरीत, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशा कामात मुरलेले लोक आहेत. पण 'दादा, एक मजबूत प्रेस बनवा' एवढंच सांगू नका. कागदावर मापं द्या. 10 टनांचा जॅक, खांबांत 50 सेंटिमीटर मोकळी जागा, वर-खाली 125 मिलिमीटरचे दोन-दोन चॅनेल. आणि एक अट घाला, चौकट काटकोनात हवी. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप लावून दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तर चौकट चौरस. मापात थोडाही फरक असेल तर रंग लावण्याआधीच दुरुस्त करून घ्या.

सेकंडहँड? का नाही! बंद होणाऱ्या वर्कशॉपमधला जुना, जड प्रेस नव्या चकचकीत प्रेसपेक्षा सरस असू शकतो. जॅक गळत असेल तर किंमत पाडून घ्या. तुळई वाकलेली असेल, किंवा भोकांभोवती चीर दिसली, तर मात्र फुकटातही नको.

हात आणि डोळे, बाकी सगळं नंतर

आता तो तेलाच्या दाबाचा आकडा आठवा. हातोड्याचं कसं असतं, चुकला तर अंगठा सुजतो. प्रेस आवाज करत नाही, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. खरं तर दाब देताना चौकट थोडी लवते आणि धनुष्यासारखी ताकद साठवते. जाम झालेला भाग सुटतो तेव्हा ती सगळी ताकद 'ठप्प' करून एका क्षणात बाहेर येते. आणि बेअरिंगचं पोलाद असतं अतिशय कडक. चुकीच्या जागी दाबलं तर ते वाकत नाही, त्याच्या ठिकऱ्या उडतात.

म्हणून नियम पहिला. जी रिंग घट्ट बसलीय, तीच दाबायची. बेअरिंग हबमध्ये बसवताना बाहेरची रिंग, शाफ्टवर चढवताना आतली. उलटं केलंत तर सगळा जोर मधल्या गोळ्यांतून जातो. गोळ्यांचे खड्डे रिंगवर उमटतात, आणि बेअरिंग बसवतानाच मरतं. योग्य मापाची गोटी किंवा जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग, थोडी घासून, दाबायला वापरता येते.

नियम दुसरा. सेफ्टी गॉगल, आणि जमल्यास पूर्ण चेहऱ्याचं शील्ड. ऑफिसचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. कामाभोवती जाड गोधडी किंवा ट्रकच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, आणि दांडा बाजूला उभं राहून मारा, समोरून नाही.

नियम तिसरा. दांड्याला पाइप लावून लांबी वाढवायची नाही. दिलेल्या दांड्याने हलत नाही म्हणजे मर्यादा संपली. व्हॉल्व सोडा, भाग तापवा, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, उद्या बघा.

नियम चौथा. एकावर एक रचलेले वॉशर आणि नट यांचा मनोरा दाबायचा नाही. तो कलला की गोळीसारखा उडतो. दाब चालू असताना बोट आत घालून 'सरळ आहे ना' बघायचं नाही. आधी व्हॉल्व, मग बोट.

आणि आरएक्सवाल्यांसाठी खास. क्रँक उघडून कनेक्टिंग रॉड किट बदलायचा मोह होईलच, कारण प्रेस आहे ना आता घरात! पण क्रँक परत दाबून जोडल्यावर तो मिलिमीटरच्या शतांशापर्यंत सरळ करावा लागतो. ती वेगळी विद्या आहे आणि ती येणारे कारागीर अजून आहेत. त्यांचे पैसे त्यांना द्या, त्यांच्या शेजारी उभं राहून शिका.

खिशात ठेवायची यादी

• आधी हिशेब, वर्षात किती कामं? मग निर्णय.
• बाइकसाठी 6 टन, बाइक आणि छोटी कार मिळून 10-12, गंजलेले हब नेहमीचे असतील तर 20.
• टेप न्या. मोकळी रुंदी, चॅनेलची उंची, दोन्ही कर्ण.
• जॅक पाच मिनिटं दाबून ठेवा, गळतोय का बघा.
• बिडाच्या प्लेटा बदला, पिना तपासा.
• बजेटमध्ये गॉगल आणि शील्ड आधी, प्रेस नंतर.

शेवटी काय, तर स्वस्त प्रेस वाईट नसतो, न मोजता घेतलेला प्रेस वाईट असतो. पॅकेज बघून नोकरी घ्यायची आणि बॉस कसा आहे ते नंतर बघायचं, याचे परिणाम आपण सगळेच जाणतो. प्रेसचंही तेच आहे! आकड्याला भुलू नका, जिच्या भरवशावर दांडा मारणार ती चौकट बघा. मग बेअरिंग 'टक्क' करून जागेवर बसल्यावर जो आनंद होतो, तो कुठल्याही अ‍ॅप्रायझलमध्ये मिळत नाही.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर हात काळे करा, पण दहाही बोटं मोजून घरी जा!